तोफ, बर्फ आणि नानांचे रुमाल

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अर्धे बसच्या आत होते आणि अर्धे बाहेर. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची सहा-वीसची गाडी फलाटाला लागत होती आणि साठीच्या घरातला एक माणूस, पायाखाली कुणाची तरी पत्र्याची पेटी घेऊन, खिडकीतून आत हात घालून सीटांवर रुमाल टाकत होता. एक, दोन, तीन, चार. पत्ते वाटावेत तसे. मी दारातून धक्के खात आत गेले, तर बसायला जागा नाही. रिकाम्या सीटा भरपूर, पण प्रत्येकीवर रुमाल. मी एक रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि बसले.

"ताई, ती जागा धरलेली आहे," मागून आवाज आला.

"कुणासाठी?"

"फागण्याला चढतील."

"मग फागण्याला बघू," मी म्हटलं.

मी तोंडाची तिखट. जळगावला एका डाळ मिलच्या हापिसात बसते. दिवसभर हमाल, ड्रायव्हर आणि मालक यांच्याशी बोलून माझी जीभ गुळगुळीत राहणं शक्यच नव्हतं. आवाज नानांचा होता; ते आता पूर्ण आत आले होते. मग खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "रोज जाणार का? मग उद्या तुमचा रुमाल माझ्याकडे द्या."

तेव्हापासून माझा रुमाल नानांकडे मुक्कामाला गेला. तो एकटाच नव्हता. धुळे-जळगाव अप-डाउन करणाऱ्या आमच्या सगळ्या टोळीचे रुमाल नानांच्या पिशवीत असत. धुतलेले, घडी घातलेले. कुणाचा कुठला हे त्यांना पाठ. त्यांचा स्वतःचा निळ्या चौकड्यांचा. जो गाडी गाठणार तो बसेलच, पण जो पुढे फागण्याला, मुकटीला किंवा पारोळ्याला चढणार त्याचीही जागा धुळ्यापासून धरलेली असे. एखादा रजेवर असला तरी त्याचा रुमाल पडायचाच. "न जाणो, आलाच तर," असं नाना म्हणायचे. ही पद्धत त्यांनीच बसवली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

नाना जळगावला पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. उजवा गुडघा कामातून गेलेला. उभे राहिले की त्या पायावर भार पडू नये म्हणून बगळ्यासारखे कलून उभे राहायचे. बोलणं एरवी आपल्यासारखंच, पण रंगात आले की अहिराणीवर यायचे. आणि रंगात यायचं एकच कारण होतं. त्यांच्या मोबाइलवरचा तो खेळ.

खेळ साधा. एक वळणावळणाची वाट, वाटेवरून शत्रूंची रांग चालत येते आणि वाटेच्या कडेला आपण बुरूज उभारायचे. बुरुजावर कुणी तिरंदाज, कुणी तोफ, कुणी बर्फ फेकणारा, कुणी विष फेकणारा. शत्रू वाटेच्या शेवटी पोचायच्या आत मारायचे. मारले की सोनं मिळतं, सोन्यातून नवे बुरूज. मुलानं कधीतरी सुटीत फोनमध्ये टाकून दिला होता. मुलगा विसरला, नाना विसरले नाहीत. गाडीत आवाज नको म्हणून फोन मुका करायचे आणि मग तोफ उडाली की स्वतःच तोंडानं "ढुम्" करायचे. आजूबाजूचे झोपलेले दचकायचे.

माझ्या शेजारच्या सीटवर सोनवणे सर बसायचे. एरंडोलला हायस्कूलमध्ये शिकवायचे. आवाज असा की वर्गात खडूही थरथरावा. नानांचं पाहून त्यांनीही तो खेळ घेतला आणि आठवड्याभरात रडकुंडीला आले.

"नाना, सगळ्यात महाग तोफा घेतल्या, तरी हरतो हो!"

नानांनी त्यांचा फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदाभर सगळ्या तोफाच बघून हसत सुटले. "बठ्ठ्या तोफाच लाई दिन्यात सरनी!"

मग आमची शिकवणी झाली. पारोळा येईपर्यंत चालली. नाना म्हणाले, "तोफेचा मार शंभर. तिरंदाजाचा दहा. कोण भारी?"

"तोफ," सर म्हणाले.

"पण तोफ एकदा उडून पुन्हा भरेपर्यंत तिरंदाजाचे बारा बाण सुटतात. आता सांगा."

सरांनी बोटं मोजली. "मग तिरंदाज."

"मग पुढून चिलखत घातलेला आला. बाण लागतच नाहीत. आता?"

"अहो मग घ्यायचं तरी काय?" सर वैतागले.

नानांनी फुटाणा तोंडात टाकला. "एकलाना मार नको देखू. शेजारे कोन शे ते देख." आणि त्यांनी बर्फवाल्यावर बोट ठेवलं. "याचा मार किती? दोन. लोक याला घेतच नाहीत. पण हा शत्रूला गारठवतो, चाल निम्मी होते. चाल निम्मी झाली की त्याच तोफेचे दोन गोळे बसतात, त्याच तिरंदाजाचे दुप्पट बाण. स्वतः काही मारत नाही, पण सगळ्यांचा मार वाढवतो. हा आधी लावायचा, वळणावर. त्याच्यामागे विष, ते हळूहळू मुरतं. आणि शेवटी तोफ."

दोन सारखे तिरंदाज जोडून एक मोठा करता यायचा. त्या बाबतीत नाना फार सावध. "जोडला की मार वाढतो, पण एक जागा रिकामी होते, एक नजर कमी होते. घाई करायची नाही." सर घाई करायचे. सर आयुष्यभर घाईच करत आले असावेत.

आणि एक नियम नाना पुन्हा पुन्हा सांगायचे. वाट कधी पूर्ण बुजवायची नाही. बुरूज दाटीनं उभारून वाटच बंद केली, तर शत्रू येत नाहीत आणि ते आले नाहीत तर सोनंही नाही. "येणाऱ्याला येऊ द्यायचं. त्याच्यावरच तर आपलं चालतं." हे ते अगदी घरच्या व्यवहारासारखं सांगत. आम्ही मान डोलवायचो आणि गाडीतल्या आपापल्या धरलेल्या जागी टेकून डोळे मिटायचो.

माणसंही ते अशीच मापायचे. कोण कुणाशेजारी बसला तर प्रवास सुखाचा होईल, हे त्यांनी ठरवलेलं असे. फोनवर ओरडणारा इंजिनापाशी. घोरणारा शेवटच्या सीटवर. आणि माझ्या पलीकडे खिडकीशी कल्पना. ती जळगावच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत कामाला होती. पंचविशी पार केलेली, बारीक, बोलणं कमी. धुळ्याला तिची आई अंथरुणाला खिळलेली. सकाळी आईचं सगळं करून, शेजारणीवर सोपवून ती निघायची, म्हणून गाडीत बसल्या बसल्या झोपायची. "तिले झोपू द्या," म्हणून नाना आमचा आवाज कमी करायला लावायचे. त्या वेळी त्यांचं ढुम्‌सुद्धा बंद.

मग एक दिवस कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "आणखी थोडे दिवस. ही फेरी बंद होतेय. उत्पन्न नाही."

गाडीत सगळे एकदम बोलायला लागले. दुसऱ्या गाड्या आहेत, पण त्या सुरतेकडून भरून येतात, वेळेचा भरवसा नाही. सर म्हणाले, मी मोटारसायकल काढीन. मी म्हटलं, मालकाशी भांडून हापिसची वेळ बदलून घेईन.  कल्पनाला मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला नऊच्या आत पोचावंच लागतं, ताई. सकाळी पेशंट उपाशीपोटी येऊन बसतात. दोनदा उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला तर येऊ नको म्हणालेत."

"जळगावलाच खोली घे ना मग."

"आईला घेऊन? तिसऱ्या मजल्यावरून तिला खाली आणायलाच चार माणसं लागतात." आणि तिनं खिडकीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती झोपली नाही.

नानांनी फोन खिशात घातला.  मग म्हणाले, "शनिवारी डेपोच्या साहेबांकडे जायचं."

या भेटीची आखणी त्यांनी खेळातल्यासारखीच केली. गाडीतच. प्रत्येकाचा मार मोजला. "सर, तुम्ही तोफ. पण मी खूण केल्याशिवाय उडायचं नाही. साहेब तुमच्या पहिल्याच शब्दाला चिलखत घालून बसेल. कल्पना, तू फक्त ताईंना सांगितलंस तेवढंच सांग. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही. तुझं ते मुरेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही बर्फ."

"म्हणजे माझा मार दोन?" मला खरंच राग आला.

"साहेब मीटिंगचं नाव सांगून पळतो. त्याला खुर्चीत बसवून ठेवणारं कुणीतरी पाहिजे. तुमच्यासारखं बोलायला दुसऱ्या कुणाला येतं?"

ही स्तुती की टोमणा हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शनिवारी आम्ही चौघं गेलो. साहेब तरुण होते, टेबलावर फायलींचा ढीग, एक हात सतत गाडीच्या किल्लीवर. मी आत शिरताच त्यांचं गाव विचारलं. चाळीसगावजवळचं निघालं, माझं सासर तिथून दोन कोसांवर. मग काय! अमक्याचा मळा, तमक्याचं लग्न, त्या लग्नात भाताला लागलेला करप. साहेबांचा हात किल्लीवरून निघाला. चहा आला. नानांनी कल्पनाकडे बघितलं. तिनं खाली बघूनच सगळं सांगितलं: आई, तिसरा मजला, नऊ वाजता उपाशीपोटी बसलेले पेशंट. एक शब्द जास्त नाही. साहेबांनी कप खाली ठेवला. मग नानांनी नाक खाजवलं. ती खूण होती. आणि सोनवणे सर आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी उडाले. काय बोलला माणूस! बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

साहेबांनी सरांना बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तुमचं पटतं मला. पण मी नुसते आकडे बघून निर्णय घेतला नाही. मंगळवारी सकाळी मी स्वतः त्या गाडीत चढलो होतो. साध्या कपड्यात."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"गाडीत माणसं मोजून सात. आणि मोकळी सीट एकही नाही. सगळीकडे रुमाल. माझ्यासमोर एक म्हातारा-म्हातारी गोणपाट घेऊन चढले, रुमाल बघितले आणि उतरले. मागोमाग पोरांचं एक टोळकं आलं, तेही उतरलं. बाहेर काळी-पिवळी जीपवाला उभाच होता, त्याचं भागलं. मी एका सीटवर बसायला गेलो, तर एक काका म्हणाले, 'उठा, रुमाल दिसत नाही का?'"

साहेबांनी नानांकडे पाहिलं. "ते काका तुम्हीच ना?"

मंगळवार मला आठवला. निळा शर्ट घातलेला एक जण दारापाशी उभा होता, आणि मुकटीच्या ज्या माणसासाठी त्याला उठवलं होतं तो त्या दिवशी आलाच नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सर छताकडे बघायला लागले.

नाना कलून उभे होते. त्यांनी कारणं दिली नाहीत. "मीच तो. चुकलं, साहेब," ते म्हणाले. "ही पद्धत माझी. या बाकीच्यांची नाही. एक महिना द्या. गाडी भरून दाखवतो. नाही भरली तर खुशाल बंद करा."

साहेबांनी महिना दिला. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "बर्फ, विष, तोफ, सगळं बरोबर लागलं होतं हो."

नाना स्टँडच्या बाकावर बसले. "मार मोजत बसनूत," ते म्हणाले, "आनि आपनच वाट बुजी टाकी." त्यांचा चेहरा पार उतरला होता.

सोमवारी त्यांनी रुमाल परत केले. प्रत्येकाचा प्रत्येकाला, इस्त्री करून. आणि नवा कायदा सांगितला: आपण पासवाल्यांनी शेवटी बसायचं. आधी स्टँडवरचे पॅसेंजर. जागा उरली तर आपण.

"आणि नाही उरली तर?" सरांनी विचारलं.

"तर उभं राहायचं."

"जळगावपर्यंत?"

"तुम्ही एरंडोललाच उतरता, सर."

आठ दिवस गाडीत नुसती खडाजंगी. फागण्याचे लोक चढले की रिकामी जागा शोधायचे आणि नानांना नको नको ते बोलायचे. मुकटीचा एक जण तर म्हणाला, म्हाताऱ्यानं आपल्याला सोडून साहेबाशी जोडी जमवली. नाना ऐकून घ्यायचे. सहा वाजताच स्टँडवर येऊन फलाटावर हिंडायचे. गोणपाट दिसलं की त्याच्यामागे, पिशवी दिसली की तिच्यामागे. "जळगाव, जळगाव! बसा, जागा शे!" काळी-पिवळीवाला त्यांना शिव्या द्यायचा. माणसं चढवून झाली की नाना सगळ्यात शेवटी चढायचे आणि दांडीला धरून उभे राहायचे. त्या गुडघ्यावर. पारोळ्यापर्यंत त्यांचा चेहरा घामानं डबडबायचा. कुणी उठून जागा द्यायला लागलं, तर आधी कल्पनाला बसवायचे.

एकदा मीच चिडले. "नाना, एवढं कशाला? पाय कायमचा जाईल. तुमच्या एका जागेनं काय फरक पडतो?"

"रोज त्याच एका जागेवर कुणी म्हातारी बसते ना, ताई," ते म्हणाले. "मग तीच तिच्या पोरीला सांगते, सहा-वीसच्या गाडीत जागा मिळते."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. दोन्ही मी खिडकीकडे तोंड करून आवरलं.

पण गाडी भरायला लागली. हळूहळू, नानांच्या भाषेत मुरत मुरत. जळगावच्या दवाखान्यांत जाणारे, सोन्याच्या बाजाराला निघालेले लग्नघरचे, कॉलेजची पोरं. पुढे पुढे आम्हाला पारोळ्यापर्यंत पाठच टेकवता येईना. मग मुकटीचा तो भांडखोरही एक दिवस स्वतःहून उठला आणि एका बाईला जागा देऊन नानांच्या शेजारी दांडीला लटकला. नानांनी त्याच्यापुढे फुटाण्यांची पुडी धरली.

महिना भरल्यावर एका सकाळी कंडक्टर दारातूनच ओरडला, "नाना, फेरी राहिली! कायम!" कल्पना उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग गर्दीतून वाट काढत नानांपाशी आली आणि हलत्या गाडीत वाकून त्यांच्या पाया पडली. नाना म्हणाले, "अगं, पडशील ना कुनाच्या अंगावर!"

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नानांनी गाडीत पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुरतेला नातू झाला. तर म्हणाले, "आज शेवटचा दिवस. रिटायर झालो."

कुणाला काही माहीत नव्हतं. मी हिशेब केला. साहेबांकडे गेलो त्या दिवशी या माणसाला त्या गाडीची गरज जेमतेम दीड महिना उरली होती. त्यातला प्रत्येक दिवस ते उभे राहून गेले. सर पेढा हातात धरून म्हणाले, "नाना, तुम्ही बोलला नाहीत!" नाना म्हणाले, "तुम्ही लगेच उडाला असता."

आता नाना सुरतेला मुलाकडे असतात. सरांना कधीतरी फोन येतो, कुठल्या पायरीवर अडकलात विचारायला. सर अजून तोफाच घेतात. कल्पना त्याच गाडीनं जाते. तिची नोकरी टिकली आणि आईची तब्येत आहे तशीच आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुरतेला जाण्याच्या आदल्या आठवड्यात. रिटायर होऊन महिना झाला होता. मी स्टँडवर पोचले तर नाना फलाटावर. पायात स्लीपर, अंगात घरचा सदरा. मला वाटलं, जळगावला काही काम असेल.

"चला नाना, आज बसून जाऊ. मी जागा बघते."

"मी कुठे येतोय?" ते म्हणाले. "सकाळी जाग येते. म्हटलं, गाडी भरून देऊ."

"या ना पण. सगळ्यांना बरं वाटेल."

त्यांनी मान हलवली. "मी बसनू ते एक जागा कमी हुई जाई."

तेवढ्यात एक बाई दोन पोरं आणि डोक्यावर बोचकं घेऊन काळी-पिवळीच्या दिशेनं निघाली आणि नाना मला तिथेच सोडून कलत कलत तिच्यामागे धावले. "जळगाव का, अक्का? इकडं, इकडं! बसा, जागा शे!" त्यांनी बोचकं खिडकीतून आत दिलं, पोरांना उचलून पायरीवर ठेवलं. गाडी सुटली. मी दांडीला धरून वाकून बघितलं. ते फलाटावर एका पायावर भार देऊन उभे होते आणि निळ्या चौकड्यांच्या रुमालानं तोंडावरचा घाम पुसत होते.